मशीन चालू असल्याची नोंद

त्या सिस्टरचा पहिला फोन आला तेव्हा मी डबा खात होतो. वाशीमच्या बसस्टँडमागच्या गल्लीत, एका झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत आमच्या कंपनीचं ऑफिस होतं. ऑफिस म्हणजे दोन टेबलं, दोन कॉम्प्युटर, एक साहेब आणि मी. आरोग्य केंद्रांतले कॉम्प्युटर आणि त्यांना जोडलेली यंत्रं चालू ठेवायचं कंत्राट कंपनीकडे होतं. मी डिप्लोमा करून नुकताच लागलो होतो. घरी, वाशीम जिल्ह्यातल्याच मालेगावजवळ, वडील भाजीचे वाफे करत. पहाटे उठून मेथीच्या आणि सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधायच्या नाहीत, पंख्याखाली बसायचं, याचंच मला त्या नोकरीत जास्त अप्रूप होतं.

सिस्टर एका खेड्यातल्या केंद्रातून बोलत होती. म्हणाली, ईसीजीचं मशीन बंद पडलंय. आदल्या दिवशी लाइट गेली, भपकन आली, आणि तेव्हापासून मशीनचा दिवाच लागत नाही. मी घास हातात ठेवूनच स्क्रीनवर त्या केंद्राचं नाव उघडलं. प्रिंटर, अंगठा घ्यायचं यंत्र, ईसीजी. तिन्हींसमोर हिरवा ठिपका होता. मी तसं तिला सांगितलं.

"तिथं हिरवं दिसून राह्यलं असन भाऊ," ती म्हणाली, "इथं नाई चालून राह्यलं."

वायर काढून परत लावा, कॉम्प्युटर बंद करून चालू करा, असं जे सगळ्यांना सांगतात तेच मी तिला सांगितलं आणि फोन ठेवला. तक्रार बंद करायला आमच्या प्रोग्राममध्ये कारणांची यादी होती, तिच्यातून एक निवडावं लागे. यादीत सगळ्यात वर 'यंत्र चालू, वापरात चूक' होतं. मी तेच निवडलं. निवडायला एक क्षणही लागला नाही.

ठिपका खोटा नव्हता, म्हणून तो कसा ठरतो ते इथे सांगायला हवं. कॉम्प्युटरला कुठलंही यंत्र जोडलं की तो आधी त्याला विचारतो, तू कोण. यंत्र आपल्या कंपनीचा आणि मॉडेलचा नंबर सांगतं. त्या नंबरावरून कॉम्प्युटर त्याचा ड्रायव्हर शोधतो. ड्रायव्हर म्हणजे त्या यंत्राशी बोलायचा छोटा प्रोग्राम. तो सापडला, सुरू झाला आणि यंत्राने काही कुरकुर केली नाही, की कॉम्प्युटर आपल्या यादीत त्या नावापुढे लिहितो, हे उपकरण व्यवस्थित चालत आहे. ड्रायव्हर मिळाला नाही तर पिवळं चिन्ह येतं. वायर उपटली तर नाव यादीतूनच जातं. आमच्या कंपनीचा प्रोग्राम दर काही मिनिटांनी ही यादी वाचायचा आणि वाशीमला पाठवायचा. 'व्यवस्थित' असेल तर हिरवा, नाहीतर लाल. तोच ठिपका आम्हाला कंत्राट देणाऱ्या आरोग्य खात्याच्या ऑफिसातही दिसे. तिथल्या कोणाला केंद्रावर जायची गरज पडत नसे, आणि याचंच कौतुक होतं.

सिस्टरचे आणखी दोन फोन आले. दुसऱ्या वेळी ती जरा चिडली होती. तिसऱ्या वेळी चिडली नव्हती, नुसतं सांगत होती. दोन्ही वेळा स्क्रीनवर हिरवंच होतं आणि दोन्ही तक्रारी मी त्याच कारणाने बंद केल्या. दुसऱ्या वेळी साहेबांना म्हटलं, जाऊन येऊ का. ते म्हणाले, हिरव्यावर गेलास तर जाण्यायेण्याचा खर्च कशात दाखवू.

मग त्या केंद्रातला प्रिंटर लाल झाला. उंदराने वायर कुरतडली होती. लाल ठिपका तीन दिवसांत घालवावा लागे, म्हणून साहेबांनी मला दुसऱ्याच दिवशी पाठवलं. गावाचं नाव इथे लिहीत नाही. मालेगावहून बस आहे आणि फाट्यावर उतरून थोडं चालावं लागतं, एवढं पुरे.

तेव्हा सिस्टरला पहिल्यांदा पाहिलं. चाळिशीची, काटक, केसांना घट्ट पिना लावलेली. ती मूळची आसेगावच्या पुढच्या एका वस्तीतली. दर दिवाळीनंतर तिचे आईवडील ऊसतोडीला जात. ही मामाकडे राहून शिकली आणि पुढे नर्सिंग केलं. नोकरी कंत्राटी होती, अकरा महिन्यांची, दर वर्षी नव्याने सही करायची. हे सगळं तिने मी प्रिंटरची वायर बदलत असताना सांगितलं, मी विचारलं नसताना. बोलता बोलता ती रजिस्टर भरत होती. अक्षर छापल्यासारखं होतं.

प्रिंटर झाल्यावर ती म्हणाली, आता आलेच आहात तर ते मशीन पाहा. मी टेबलावर पाहिलं. मशीन नव्हतं. तिने भिंतीतलं कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात, सलाइनच्या खोक्यांशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून मशीन ठेवलं होतं. धूळ बसू नये म्हणून. मी ते उघडलं. आतली सर्किटची पाटी जळाली होती. इतक्या दिवसांनीही वास येत होता.

मी खिशातून मोबाइल काढला. त्यावर तोच प्रोग्राम होता. ईसीजी हिरवं होतं.

कपाटात बंद करून ठेवलेलं, विजेला न जोडलेलं यंत्र व्यवस्थित चालत आहे असं कॉम्प्युटर सांगत होता. मी टेबलाखाली वाकून पाहिलं. कॉम्प्युटरच्या मागे एक वायर लोंबकळत होती, हातभर लांब, दुसरं टोक मोकळं. मग माझ्या लक्षात आलं. ते मशीन जुन्या बांधणीचं, नऊ पिनांच्या सॉकेटचं. नव्या कॉम्प्युटरला तसं सॉकेट नसतं, म्हणून मध्ये बदल करणारी वायर लावतात. त्या वायरीच्या बोंडात, म्हणजे कॉम्प्युटरला लावायच्या जाड टोकात, एक चिप असते. कॉम्प्युटर 'तू कोण' विचारतो ते त्या चिपला, आणि उत्तर तीच देते. ती वीजही कॉम्प्युटरकडूनच घेते. तिच्या पलीकडे ईसीजी आहे, मोकळी हवा आहे की काय आहे, हे कॉम्प्युटरला कधी कळत नाही आणि तो विचारतही नाही. आमच्या कंपनीने त्या वायरीच्या नावापुढे 'ईसीजी' असं लिहून ठेवलं होतं. संपलं.

खात्री करायला मी वायर उपटली. थोड्या वेळाने मोबाइलवर ठिपका लाल झाला. परत लावली. हिरवा झाला. सिस्टर माझ्या मागे उभी राहून हे पाहत होती. तिला सगळं समजावून सांगायची गरज पडली नाही.

"मंग काढूनच टाका ना तो वायर," ती म्हणाली. "लाल झालं की तुमी तीन दिवसात येता. प्रिंटरले नाई आले का?"

मी हातात वायर धरून उभा होतो. ती टेबलावर ठेवली असती आणि निघून आलो असतो, तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मला साहेबांचा चेहरा दिसला. त्या महिन्यात आमच्याकडे लाल ठिपके जास्त झाले होते आणि कंत्राट पुढे चालू राहील की नाही याची चर्चा होती. चालू दिसणाऱ्या यंत्राची वायर मीच काढून लाल केलं, हे प्रोग्रामच्या नोंदीत माझ्या भेटीच्या वेळेसकट दिसलं असतं. मी तिला म्हटलं, असं करता येत नाही, मी रिपोर्ट देतो, रीतसर होईल. आणि वायर परत लावली.

तिने मशीन पिशवीत घालून कपाटात ठेवलं आणि मला चहा केला.

वाशीमला येऊन मी साहेबांना सांगितलं, अगदी सगळं. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता, माझ्या वडिलांच्या आजारपणात त्यांनी मला न मागता सुट्टी दिली होती. ते म्हणाले, जळालेलं मशीन आपण दुरुस्त करू शकत नाही, नवं द्यावं लागेल, नवं वरून मंजूर व्हायला हवं, आणि वर तर हिरवं दिसतंय. हिरव्यावर नवं मशीन कसं मागू? मी म्हटलं, मग लाल करू. ते म्हणाले, "सगळ्या केंद्रांत त्याच वायरी हायेत. एक लाल केलं तं बाकीचे कितीक खरे हायेत, हे बी विचारतीन. तुले उत्तर देता येईन का?"

मी रिपोर्ट लिहिला नाही. पुढच्या आठवड्यात लिहू म्हटलं, मग मार्च आला, मार्चमध्ये कोणालाच वेळ नसतो.

उन्हाळ्यात, एका दुपारी, त्या केंद्रावर एक माणूस आला. वय पंचावन्नच्या आसपास. जवळच्याच वस्तीवर राहणारा, विहिरीवर भाजी करणारा. वांग्याचे कॅरेट टेम्पोत चढवताना छातीत कळ आली, डावा हात जड झाला, घाम फुटला. बायकोने त्याला पुतण्याच्या मोटारसायकलवर मध्ये बसवून आणलं. नुकतेच बदलून आलेले डॉक्टर त्या दिवशी तालुक्याला मीटिंगला गेले होते. सिस्टर एकटी होती. पुढचं मला नंतर झालेल्या चौकशीत कळलं, काही सिस्टरच्या तोंडून आणि काही त्याच्या बायकोच्या.

त्याला पाहताच सिस्टरला संशय आला. तिने त्याला निजवलं, गोळी चघळायला दिली, डॉक्टरांना फोन केला आणि अ‍ॅम्ब्युलन्सची गाडी मागवली. डॉक्टर म्हणाले, ईसीजी काढून मोबाइलवर पाठवा. ती म्हणाली, मशीन बंद आहे. ते म्हणाले, मग वाशीमला पाठवा. पण अर्ध्या तासात त्या माणसाला बरं वाटायला लागलं. तो उठून बसला, पाणी प्यायला. म्हणाला, पित्त होतं, उतरलं. टेम्पो उभा होता. माल तसाच राहिला तर दुसऱ्या दिवशी बाजारात कोणी हात लावला नसता. सिस्टरने हात धरून सांगितलं की हे हृदयाचं आहे, गाडी येते आहे, वाशीमला जा. त्याने विचारलं, कशावरून. तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं.

चौकशीत हे सांगताना तिने फक्त एवढ्याच ठिकाणी आवाज चढवला. "कागद असता तं त्याले दाखोला असता," ती म्हणाली. "कागदाले मानूस भेतो. माह्या तोंडाले कोन भेते?"

तो मोटारसायकलवर बसून घरी गेला. गाडी आली आणि रिकामी परत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो विहिरीवर मोटर सुरू करायला गेला आणि तिथेच पडला. बायकोला तो दिसला तेव्हा पाणी वाफ्यातून वाहून रस्त्यावर आलं होतं.

तिच्या भावाने तक्रार केली. केंद्रात मशीन असताना ईसीजीची पट्टी का काढली नाही, असा प्रश्न होता. योग्यच होता. चौकशीला तीन जण आले आणि केंद्रातच बसले. सिस्टरने आपलं रजिस्टर पुढे ठेवलं. त्यात त्या दिवसाखाली लिहिलं होतं: मशीन बंद असल्याने ईसीजी काढता आला नाही, वाशीमला जाण्यास सांगितले, रुग्णाने ऐकले नाही. त्याआधीच्या महिन्यांतही जागोजागी 'मशीन बंद' होतं, आणि मला केलेल्या तिन्ही फोनच्या तारखा होत्या.

मग कंपनीच्या प्रोग्राममधून काढलेली यादी पुढे आली. चार-पाच पानं. प्रत्येक दिवसापुढे, प्रत्येक तासापुढे, ईसीजी, जोडलेले, व्यवस्थित. माझ्या भेटीच्या दिवशी काही मिनिटांपुरती एक लाल ओळ होती. साहेबांनी शेजारी 'तपासणी' असं लिहून ठेवलं होतं. तिन्ही तक्रारींपुढे माझं नाव आणि कारण, वापरात चूक.

मुख्य अधिकाऱ्यांनी दोन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या. रजिस्टर आणि यादी. मग म्हणाले, हाताने लिहिलेलं नंतरही लिहिता येतं, कॉम्प्युटर कोणाची बाजू घेत नाही. मला विचारलं, ही यादी खरी आहे का, कोणी फेरफार केला आहे का. मी म्हटलं, नाही, खरी आहे. त्या दिवशी यंत्र जोडलेलं असल्याची नोंद आहे का? मी म्हटलं, हो, नोंद आहे.

दोन्ही उत्तरं खरी होती. घरून निघताना मी ठरवलं होतं की खोटं बोलायचं नाही, आणि मशीन स्वतः पाहिलं का असं विचारलं तर सांगून टाकायचं. त्यांनी तसं विचारलं नाही. माझ्यासाठी तो प्रश्न कोणी विचारेल याची वाट पाहत मी खुर्चीत बसून राहिलो.

सिस्टर माझ्याकडे वळली. "भाऊ, तुमी तं पाह्यलं होतं. वास बी घेतला होता. सांगा ना."

अधिकाऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. साहेब माझ्या शेजारीच बसले होते, त्यांनी काही केलं नाही, पायसुद्धा हलवला नाही. मी म्हणालो, "मी प्रिंटरसाठी गेलो होतो. मशीन कपाटात होतं. आतून नेमकं काय झालं होतं ते मी तपासलं नाही."

कपाटात का होतं, असं त्यांनी तिला विचारलं. वापरायचं मशीन कपाटात ठेवता? धूळ बसू नये म्हणून, ती म्हणाली. त्यांनी ते लिहून घेतलं. मशीन उघडून पाहिलं नाही; जळालं असलं तरी कधी जळालं हे त्यावरून कळत नाही, म्हणाले. मेलेल्या माणसाची बायको भिंतीशी खाली बसली होती. सिस्टरने धूळ म्हटल्यावर तिने मान वर करून तिच्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती नजर मला मिळायला हवी होती.

जूनमध्ये सिस्टरचे अकरा महिने संपले आणि पुढची सही झाली नाही. तिला काढलं असं कुठेच लिहिलेलं नाही. केंद्राला नवं मशीन आलं, मध्ये वायर न लागणारं. त्या मशीनच्या जोडणीला मीच गेलो. जागेवर दुसरी मुलगी होती, तिने मला सर म्हटलं. कंपनीला आणखी एक तालुका मिळाला आणि साहेबांनी तो मला दिला. मी आणखी वर्षभर ती नोकरी केली, हेही लिहायला हवं. सोडली ती पश्चात्तापाने नाही. साहेबांच्या जागी दुसरा आला, त्याच्याशी पटलं नाही. आता मालेगावात रस्त्यावर माझं प्रिंटर-कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे.

नोकरी सोडल्यावर मी सिस्टरकडे गेलो. आसेगावच्या पुढे तिची वस्ती विचारत विचारत. ती अंगणात तूर पाखडत होती. मंगरुळपीरला एका खाजगी दवाखान्यात अर्धा दिवस जात होती, म्हणाली, तिथे नर्सचं काम कमी आणि झाडण्याचं जास्त. मला बसायला खाट दिली. मी जे बोलायचं ठरवून गेलो होतो ते बोललो, बराच वेळ. तिने पाखडणं थांबवलं नाही.

मग म्हणाली, "माफी मागून तुमाले बरं वाटन. मले काय होईन त्यानं? लिहून द्या."

तिने आतून वहीचं पान आणि पेन आणलं. मी खाटेवर बसून लिहिलं. तिने ते वाचलं, दोनदा वाचलं. मी लिहिलं होतं की तांत्रिक कारणामुळे नोंदीत मशीन चालू दिसत होते. तिने त्या ओळीवर बोट ठेवलं. "हे खोडा. वायर मी काढला होता आन् मीच परत लावला, असं लिहा." मी दुसरं पान मागितलं आणि तसं लिहिलं. खाली सही केली, मोबाइल नंबर लिहिला.

ते पान जोडून तिने अर्ज केला. पाच महिन्यांनी उत्तर आलं, ते तिने मला मोबाइलवर फोटो काढून पाठवलं. त्यात होतं की संबंधित कंपनीचं कंत्राट संपलेलं असून त्या काळातल्या नोंदी आता उपलब्ध नाहीत, सबब फेरतपासणी शक्य नाही. ज्या चार-पाच पानांवर तिची नोकरी गेली ती पानं कुठेच नव्हती. तिचं रजिस्टर मात्र अजून केंद्राच्या कपाटात असेल. तिच्या फोटोला मी उत्तर काय द्यावं याचा विचार करत राहिलो, आणि मग ते राहूनच गेलं.

त्या दिवशी तिच्या अंगणातून उठताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली होती. म्हणाली, त्या मेलेल्या मानसाच्या बायकोलेही जाऊन सांगा, ती मलेच दोषी धरून हाय अजून. मी हो म्हटलं होतं. ती बाई आता एकटीच भाजी करते. आठवडी बाजारात, दुकानापासून हाकेच्या अंतरावर, पोतं अंथरून बसते. मला ती ओळखत नाही, चौकशीच्या दिवशी तिने माझ्याकडे पाहिलंच नव्हतं. बाजाराच्या दिवशी मी दुकानातून घरी जाताना बँकेच्या बाजूच्या बोळातून जातो. तो रस्ता लांबचा आहे.